पलटण, पेन्शनपुरा आणि एक अडलेला शब्द

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. संधी शोधण्याचं आपलं वय आता राहिलं नाही आणि आपल्या मुलांना त्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून मी विषय बदलून घेतला. पाचवीत एबीसीडी गिरवायला लागलो तेव्हापासून ज्यांची आपण धास्ती घेतली, त्या इंग्रजी शब्दांबद्दल मी बोलणार आहे.

सुरुवात आपल्या गावापासूनच करते. हिंगोली ही निजामाच्या राज्यातली लष्करी छावणी. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज इथे १९०३ पर्यंत होती. फौज गेली, नावं मात्र राहिली. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. आपल्यातले कितीतरी जण याच भागांतून शाळेत यायचे.

आता पलटण घ्या. बटालियन किंवा प्लॅटून हा शब्द देशी शिपायांच्या तोंडी रुळून पलटण झाला. प्लॅटून इंग्रजीत आला फ्रेंचमधून, आणि तिथे त्याचा मूळ अर्थ आहे लहानसा चेंडू, गोळा. माणसांचा गोळा, म्हणून तुकडी. तोफ हा शब्द तुर्की. त्या भाषेत तो शब्द तोफेलाही वापरतात आणि चेंडूलाही. म्हणजे पलटणीतली पोरं आणि तोफखान्यातली पोरं, दोघंही मुळात चेंडूवालेच. मैदानावर त्यांचं एकमेकांशी का पटत नव्हतं, ते मला हे वाचल्यावर कळलं!

पेन्शनपुऱ्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे. 'पेंडेरे' म्हणजे टांगणं, तोलणं. जुन्या काळी धातू तोलून पैसे चुकते करायचे, म्हणून तोलण्यावरून देणं, आणि देण्यावरून पेन्शन. पेंड्युलम आणि सस्पेंड हेही त्याच घरातले. तेव्हा पेन्शन घेणारा आणि सस्पेंड झालेला हे सख्खे नातेवाईक आहेत. समोर बसलेले सर हसताहेत, पण सगळे जण पेन्शनच्याच बाजूला पोचले आहेत, हे मला माहीत आहे.

छावणी म्हटली की कर्नलसाहेब आले. या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये दोन एल आहेत आणि आर एकही नाही, तरी म्हणायचं कर्नल. असं कसं? इटालियन लोक म्हणायचे कोलोनेलो. फ्रेंचांनी त्याचं कोरोनेल केलं. इंग्रजांनी दोन्ही उचललं. शेवटी लिहायला इटालियन ठेवलं आणि बोलायला फ्रेंच. मराठीने ही भानगड पाहिलीच नाही. जे ऐकलं ते लिहिलं, कर्नल. लेफ्टनंटचंही तेच. हा शब्दही फ्रेंचांचा, अर्थ 'दुसऱ्याची जागा धरून बसलेला'. एसटीत रुमाल टाकून जागा धरायचो, ते काम. इंग्रज लेफ्टनंट म्हणतो, अमेरिकन लूटेनंट म्हणतो, आणि दोघंही एकमेकांना अडाणी समजत नाहीत.

कर्ज या अर्थाचा 'डेट' शब्द आठवतो? मधल्या बी ने आपल्याला किती छळलं! वर्गात कुणी 'डेब्ट' म्हटलं की हशा पिकायचा. तो बी आधी तिथे नव्हताच. शब्द फ्रेंचमधून बी शिवाय आला. सोळाव्या शतकात विद्वानांना वाटलं, लॅटिनमध्ये 'डेबिटम' आहे, तर ते नातं दिसलं पाहिजे. म्हणून त्यांनी अक्षर घुसवलं. लोकांनी ते उच्चारलं नाही आणि आजही उच्चारत नाहीत. म्हणजे 'डेब्ट' म्हणणारा पोरगा कागदावर जे होतं तेच वाचत होता.

आता उलटी बाजू. मुंगूस आपलं. इंग्रजीतला मंगूस मराठीतून गेला. त्याचं स्पेलिंग करताना शेवटी हंसाचा 'गूस' चिकटवला, त्यामुळे अनेकवचन करताना आता इंग्रजी शाळेतली मुलं अडखळतात. मुंबईच्या डोंगरी भागातल्या जाड्याभरड्या सुती कापडाचं नाव डंगरी झालं, आणि आज ते मॉलमध्ये लहान मुलांच्या पोशाखाला मिळतं. नाशिकजवळच्या देवळालीत गोऱ्या शिपायांची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई तिथे मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन् महिने बसायचे. ऊन आणि रिकामपण, डोकं फिरायचंच. त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणू लागले. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप! आजही इंग्लंडमध्ये डोकं फिरलेल्या माणसाला डूलॅली म्हणतात. देवळालीचा इतका वाईट उच्चार केला आणि तो थेट शब्दकोशात गेला. कुणी हसलं नाही.

हे सगळं मी शोधत का बसले, ते सांगते. पूर्वी मी एका कंपनीत होते. आमच्या टीममध्ये मराठवाड्यातला एक मुलगा होता. गाव सांगत नाही. हुशार, अबोल. एका मीटिंगमध्ये त्याने एक शब्द उच्चारला, सी-ए-सी-एच-ई. म्हणायचं असतं कॅश, हा म्हणाला 'कॅचे'. चार जण मोठ्याने हसले. एकाने त्याची नक्कल केली, आणि पुढे कित्येक दिवस त्याला त्याच नावाने हाक मारली. त्या दिवसापासून तो मीटिंगमध्ये बोलायचा बंद झाला.

काही महिन्यांनी एका रात्री आमची यंत्रणा अडकली. कॉलवर वीसेक लोक, दोन तास नुसता काथ्याकूट. तेवढ्यात मला त्याचा एकटीला मेसेज आला : 'मॅडम, तिथे जुना डेटा साठून राहिलाय, तो रिकामा करा, बाकी सगळं ठीक आहे.' मी त्याचं नाव घेऊन तो सगळ्यांना वाचून दाखवला. दहा मिनिटांत काम सुरू झालं. नंतर तो मेसेज मी पुन्हा पाहिला. त्या साठ्याला कॅशच म्हणतात. पण तो शब्द त्याने लिहिण्यातसुद्धा टाळला होता.

त्याच्या घरात, गावात, कॉलेजात तो शब्द कुणी उच्चारलाच नव्हता. त्याला तो पुस्तकात भेटला होता. ज्यांना शब्द आधी कानाने भेटतात ते सुटतात, ज्यांना डोळ्याने भेटतात ते अडकतात. यात अकलेचा संबंध कुठे आला? आमच्याच धंद्यात एका प्रकारच्या चित्रफायलीला निम्मं जग गिफ म्हणतं आणि निम्मं जिफ. ज्याने ती बनवली तो स्टीव्ह विल्हाइट जिफ म्हणायचा, तरी त्याचं कुणी ऐकत नाही! तिथे मात्र हसणं नाही, तिथे मतभेद असतो.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, की कॅश म्हणजे पेव. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ लपवणं. उत्तर अमेरिकेतले शिकारी वाटेत जमिनीत धान्य पुरून ठेवायचे, परत येताना लागेल म्हणून. तो म्हणाला, 'आमच्या आजोबांच्या वाड्यात होतं की पेव, ज्वारीचं.' पुढच्या आठवड्यात त्याने मीटिंगमध्ये तो विषय स्वतः समजावून सांगितला. एकदा 'कॅचे' म्हणाला, मग थांबून कॅश म्हणाला, आणि पुढे गेला.

जाता जाता एक गोष्ट. आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो वेधशाळा होणार आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली, खर्च २,६०० कोटींचा. लायगो हे नाव आद्याक्षरांचं, आणि त्यातलं पहिलं अक्षर ज्या लेझरचं, तो लेझरही आद्याक्षरांचाच. जगभरातले शास्त्रज्ञ इथे येतील. इंग्रजी लिपीत ध आणि ढ एकाच पद्धतीने लिहितात, आणि ळ तर नाहीच. तेव्हा ते 'औंधा' म्हणतील, 'दुधाला' म्हणतील. आपल्यातल्या ज्यांचं औंढा रोडला हॉटेल आहे, त्यांनी पहिल्या चहाला काही बोलू नये. दुसऱ्या चहाला ढ शिकवावा. शाळेत आपल्यातल्या काही जणांना सगळे ढ म्हणायचे, त्यांनी तर नक्कीच शिकवावा.