सल्ला आणि सातबारा

स्त्री-पुरुष समतेच्या प्रश्नावर सरकारला सल्ला देण्यासाठी महाराष्ट्रात राज्य महिला आयोग आहे. १९९३ च्या कायद्याने तो स्थापन झाला. अध्यक्ष, सहा अशासकीय सदस्य, सदस्य सचिव आणि पदसिद्ध सदस्य म्हणून राज्याचे पोलीस महासंचालक, अशी त्याची रचना आहे. लोकांना आयोग माहीत असतो तो तक्रारींमुळे. नवऱ्याने घराबाहेर काढले, पोलिसांनी फिर्याद घेतली नाही, कचेरीत साहेबाने त्रास दिला, की बाईला आयोगाचे नाव सुचवले जाते. आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत. समोरच्या माणसाला हजर व्हायला सांगता येते, कागदपत्रे मागवता येतात, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेता येतो. पण कायद्याने सोपवलेले दुसरे काम याहून दूरगामी आहे. चालू कायदे तपासायचे, त्यांतली उणीव दाखवायची आणि दुरुस्तीची शिफारस करायची. सावंतवाडी तालुक्यातल्या आरोंद्याच्या या सभेपुढे विचारासाठी घेतले आहे ते हे दुसरे काम.

देशात या कामाची सुरुवात आयोगाच्या बरीच आधी झाली. सप्टेंबर १९७१ मध्ये केंद्र सरकारने भारतीय स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या, वीणा मजुमदार सदस्य सचिव. मुंबईच्या कामगार चळवळीतल्या मणिबेन कारा आणि माहेरच्या आंबर्डेकर असलेल्या मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे याही सदस्य होत्या. राज्याराज्यांत फिरून, बायकांशी बोलून समितीने १९७४ च्या अखेरीस ‘समतेकडे’ या अर्थाचे नाव असलेला अहवाल दिला. स्वातंत्र्यानंतर शिक्षण आणि मताधिकार मिळाला म्हणजे स्त्रियांचे बरे चालले आहे, हा सुशिक्षितांचा समज त्याने मोडला. हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण १९०१ मध्ये ९७२ होते, ते १९७१ मध्ये ९३० वर आले होते. आकडे जनगणनेत छापलेलेच होते. ते एकत्र मांडून सरकारपुढे ठेवणारे कोणी नव्हते.

त्या अहवालातल्या शिफारशींचे पुढे काय झाले, हे पाहिले की सल्ल्याची चाल कळते. विधिमंडळांत स्त्रियांसाठी जागा राखून ठेवाव्यात का, यावर समितीत मतभेद झाले. बहुमत विरोधात गेले. लतिका सरकार आणि वीणा मजुमदार यांनी राखीव जागांच्या बाजूने भिन्नमतपत्रिका जोडली. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. लोकसभा आणि विधानसभांसाठीची घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये झाली, तीही पुढची जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना होईपर्यंत थांबण्याच्या अटीवर. समितीत अल्पमतात राहिलेले म्हणणे देशाने असे हप्त्याहप्त्याने मान्य केले. सल्ला देणाऱ्या मंडळात मतभेद नोंदवण्याची मुभा का हवी, याला आणखी पुरावा लागत नाही.

दुसऱ्या एका शिफारशीचे नशीब मात्र फार वेगळे, आणि ती आरोंद्याला अगदी जवळची आहे. बाई घरात राबते, त्या राबण्याचा संसाराच्या मिळकतीत वाटा धरावा आणि विवाह संपुष्टात आल्यास संसारकाळात जमलेल्या मालमत्तेचा किमान एक तृतीयांश हिस्सा तिला मिळावा, असे समितीने सुचवले होते. ही शिफारस अजून कायदा झालेली नाही. २०१३ मध्ये राज्यसभेने संमत केलेल्या विवाहकायदा दुरुस्ती विधेयकात बायकोच्या हिश्शाची तरतूद आली होती. लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळले. नवऱ्याने स्वतः मिळवलेल्या, त्याच्या एकट्याच्या नावच्या जमिनीवर तो हयात असेपर्यंत महाराष्ट्रातल्या हिंदू बायकोची मालकी नाही. तिला पोटगी मागता येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने राहत्या घरातून तिला हुसकून काढता येत नाही. पण त्या घराची ती मालकीण नव्हे.

आरोंद्याची तेरेखोल नदी ओलांडली की कायदा बदलतो. किरणपाणीचा पूल पार केला की गोव्याचा पेडणे तालुका. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो सावंतवाडीकरांकडे होता, मग पोर्तुगिजांकडे गेला. दोन्ही तीरांवर भाषा तीच, देवस्थाने एकमेकांना मानणारी, सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्यांच्या. मात्र पलीकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली आणि मुक्तीनंतरही गोव्याने तिचा कौटुंबिक भाग ठेवला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरली जाते, निम्मी त्याची, निम्मी तिची. घर किंवा जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. मुलगे आणि मुली सारखेच वारस. निम्म्या मिळकतीवर मुलाबाळांचा हक्क मृत्युपत्र करूनही काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तर असेही ठरवले की गोवेकराची मिळकत गोव्याबाहेर असली तरी वारसा याच कायद्याने चालेल.

या संहितेचे गोडवे गाताना तिच्या उणिवा विसरू नयेत. मिळकत दोघांची असली तरी कारभार संहितेने नवऱ्याकडे सोपवला होता, आणि हिंदूंसाठीच्या जुन्या प्रथासंहितेने काही परिस्थितीत पुरुषाला दुसऱ्या लग्नाची वाट मोकळी ठेवली होती. तरीही मुद्दा उरतोच. दिल्लीच्या समितीने १९७४ मध्ये एक तृतीयांश मागितले, तेव्हा आरोंद्याच्या पलतीरावरच्या बाईकडे शंभर वर्षांपासून निम्मे होते. दोन कायद्यांखाली नांदणाऱ्या एकाच समाजाच्या दोन तीरांची तुलना इथे पायी हिंडून करता येईल. महाराष्ट्र आणि गोवा, दोन्ही राज्यांच्या महिला आयोगांनी मिळून हा अभ्यास हाती घ्यावा.

मुलीच्या हिश्शाबाबत महाराष्ट्राने केंद्राच्या आधी पाऊल टाकले. १९९४ मध्ये राज्याने देशातले पहिले महिला धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहहिस्सेदार केले. त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने ती अट गेली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क शाबूत आहे. कायद्यापुरते काम पूर्ण झाले.

सातबारा वेगळी गोष्ट सांगतो. कोकणातला सातबारा म्हणजे सहहिस्सेदारांची लांबलचक यादी. चार गुंठे वरकस आणि दहा माडांना वीस-पंचवीस नावे. वडील गेले की तलाठी वारसनोंद करतो आणि बहिणींची नावे लागतात. नंतर कधीतरी घर बांधायचे निघते, काजूच्या बागेवर कर्ज काढायचे ठरते, आणि भाऊ म्हणतो, ‘ताई, एक सही लागेल.’ मुंबईहून चाकरमानी गणपतीला आलेले असतात, तीच वेळ साधली जाते. सावंतवाडीच्या दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदवले जाते, मोबदला काही नाही, मुद्रांक शुल्क नाममात्र. गावी फेरफाराची नोटीस लागते, हरकतीचे पंधरा दिवस जातात आणि ताईचे नाव कमी होते. तिच्यावर जबरदस्ती झाली, असे बहुधा म्हणता येत नाही. माहेरचा गणपती, भावाचा आधार, पुढे कधी नवऱ्याघरून परतायची वेळ आलीच तर उघडे राहणारे दार, या सगळ्याचा विचार करून ती सही करते. पण हा आधार तिला फुकट मिळत नाही, जमीन देऊन मिळतो. घर विकत घेणाऱ्या स्त्रीला २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देणाऱ्या सरकारने, जन्माने मिळालेली जमीन स्त्रिया किती आणि कोणत्या अटींवर सोडतात, याचीही मोजणी करावी. हक्कसोडपत्रे नोंदणी कार्यालयांत दप्तरबंद आहेत. ती मोजून, जिल्हावार मांडून सरकारपुढे ठेवणे हे सल्लागार संस्थेचे नेमके काम आहे. सोबत एक शिफारसही करता येईल. हक्क सोडणाऱ्या बहिणीशी निबंधकाने भावांच्या गैरहजेरीत बोलावे आणि ती काय सोडते आहे ते क्षेत्रासह तिला वाचून दाखवावे.

बायकोचे नाव लावण्याचा अनुभव उत्साह देणारा आहे. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या पुढाकाराने लक्ष्मीमुक्तीचे आंदोलन चालवले, गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला, आणि १९९२ मध्ये सरकारने त्यासाठी योजना काढली. म्हणजे आधी गावांनी करून दाखवले, मग शासनाचा कागद निघाला. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घराला पती-पत्नी दोघांची नावे लावण्याची सोयही आज आहे. अर्ज करावा लागतो, एवढेच.

सल्ला बंधनकारक नसतो, म्हणून अशी मंडळे शोभेची, असे अनेकांना वाटते. राष्ट्रीय आयोगाचा १९९० चा कायदा वाचला की ते मत टिकत नाही. स्त्रियांशी संबंधित प्रत्येक मोठ्या धोरणावर केंद्राने आयोगाचा विचार घ्यावा, असे त्यात आहे. आयोगाचा अहवाल संसदेपुढे ठेवताना कोणत्या शिफारशींवर काय केले आणि कोणत्या का नाकारल्या, हेही लिहून द्यावे लागते. नकाराला लेखी कारण द्यावे लागणे हेच सल्लागाराचे खरे बळ. हे बळ कायद्यातून येते, आणि तो आधार नसलेले मंडळ सरकारला सहज मोडता येते. ब्रिटनमध्ये १९६९ पासून असलेला राष्ट्रीय महिला आयोग सरकारने २०१० च्या अखेरीस बंद केला. कॅनडाचे १९७३ चे सल्लागार मंडळ १९९५ मध्ये गुंडाळले गेले. महाराष्ट्रातला आयोग कायद्याने उभा असल्यामुळे तो बंद करायचा तर विधिमंडळात जावे लागेल. रिकामा ठेवायला मात्र काही करावे लागत नाही. फेब्रुवारी २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळात राज्य आयोगाला अध्यक्ष नव्हता. टाळेबंदीत बायका मारहाण करणाऱ्यांसोबत घरात कोंडल्या गेल्या, ते हेच महिने. अध्यक्षपद रिकामे झाल्यापासून ठरावीक मुदतीत भरलेच पाहिजे, अशी दुरुस्ती कायद्यात व्हायला हवी.

आयोगाचे कार्यालय वांद्र्याला. आरोंद्याच्या बाईला तिथे जायचे तर रात्रभराचा प्रवास, दिवसाची मजुरी बुडणार आणि घरी कारण सांगावे लागणार. ‘महिला आयोग आपल्या दारी’ या उपक्रमातून अध्यक्ष जिल्ह्याच्या ठिकाणी जनसुनावणी घेऊ लागल्या, तो बदल चांगला आहे. पण आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, होणारी सुनावणी तक्रारींची असते. शिफारशींसाठी लागणारी माहिती गावातूनच वर जायला हवी, आणि त्यासाठी कायद्याने दिलेली जागा तयार आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणे ग्रामपंचायत कायद्याने बंधनकारक केले आहे. बऱ्याच गावांत ती रजिस्टरवर सह्या घेण्यापुरती उरते. त्या सभेत वर्षातून एकदा गावचे फेरफार वाचले जावेत, किती बहिणींची नावे कमी झाली आणि किती घरांना दोघांची नावे लागली ते मोजले जावे, आणि ठरावाची प्रत जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यामार्फत आयोगाकडे जावी. आयोगाने ते आकडे वार्षिक अहवालात तालुकावार छापावेत, म्हणजे विधिमंडळात सरकारला त्यांवर उत्तर द्यावे लागेल.