चंदनाचें रोप आणि ऊन-सावली

आपल्या देव्हाऱ्यांत सहाणेशेजारीं चंदनाचें एक खोड असतें. तें उगाळतांना त्या खोडाच्या बाळपणाचा विचार कोणाच्या मनांत येत असेल असें वाटत नाहीं. चंदन झिजतें हें आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलों आहों. तें वाढतें कसें हें मात्र फार थोड्यांना ठाऊक असतें. त्या वाढीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांविषयीं, आणि त्यांतहि मुख्यतः एकाच गोष्टीविषयीं मी आज बोलणार आहें. कोवळ्या चंदनाला ऊन किती हवें आणि सावली किती हवी, ही ती गोष्ट.

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाहीं. संकटांत सांपडलेल्या वनस्पतींची व प्राण्यांची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघ ठेवतो, तींत १९९८ सालीं चंदनाची नोंद 'असुरक्षित' म्हणून झाली. कर्नाटक, तामीळनाडू आणि केरळांतील मरयूरचा डोंगराळ मुलूख हीं चंदनाचीं नांवाजलेलीं ठिकाणें. चोरटी तोड, वणवा, गुरांची चराई, आणि पानें बारीक करीत करीत झाड वाळवून टाकणारा 'स्पाइक' नांवाचा रोग, यांनीं जुन्या झाडांची संख्या फार घटविली. सुगंध असतो तो गाभ्यांत, आणि गाभा धरूं लागण्यासच साधारणपणें १० ते १५ वर्षें जावीं लागतात. लांकूड भरदार व्हावयाचें तर ३० वर्षें व त्याहूनहि अधिक. आज वीतभर असलेलें रोप आपल्या नव्हे, आपल्या नातवाच्या सहाणेवर यावयाचें! तेव्हां मोठीं झाडें राखणें जितकें अगत्याचें, तितकेंच लहान रोपें पहिल्या उन्हाळ्यांतून पार पाडणें अगत्याचें आहे. आणि बरीचशीं रोपें नेमकीं तेथेंच दगावतात.

प्रथम निसर्ग हें काम कसें करतो तें पाहूं. चंदनाचें फळ करवंदासारखें काळसर-जांभळें, पण आकारानें त्याहून लहान असतें. बुलबुल, कोकीळ, तांबट हे पक्षी तें आवडीनें खातात, मग दुसऱ्या एखाद्या झाडावर किंवा कांटेरी झुडुपावर जाऊन बसतात, आणि बीं तेथें खालीं पडतें. म्हणजे बीं पेरलें जातें तें बहुधा उघड्या माळावर नव्हे, तर कोणाच्या तरी छायेंत. त्या झुडुपाखालीं पालापाचोळ्याचा थर असतो, जमीन थोडी ओलसर राहते, कांट्यांमुळें शेळीचें तोंड पोंचत नाहीं, आणि फांद्यांच्या फटींतून उन्हाचे कवडसे दिवसभर जागा बदलीत फिरत असतात. रखरखीत ऊनहि नाहीं आणि काळोखहि नाहीं, असा तो पाळणाघराचा उजेड असतो. कवींनीं चंदनाला सापांचे विळखे घातले. प्रत्यक्षांत त्याच्या बाळपणीं त्याच्याभोंवतीं असतात ते बोरीबाभळींचे कांटे, आणि ते अधिक उपयोगी पडतात.

आतां या झाडाचा एक विशेष सांगितला पाहिजे, कारण त्यावांचून ऊन-सावलीचा उलगडा होत नाहीं. चंदन हें अर्धें परोपजीवी झाड आहे. त्याचीं मुळें जमिनींतून शोध घेत शेजारच्या झाडांच्या मुळांना भिडतात, तेथें बारीक गांठीसारखे चूषक तयार होतात, आणि त्या वाटेनें चंदन शेजाऱ्याचें पाणी व नत्रादि क्षार घेऊं लागतें. ही गोष्ट जॉन स्कॉट या वनस्पतिज्ञानें १८७१ सालीं उजेडांत आणली. पुढें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मद्रास सरकारचे वनस्पतिशास्त्रज्ञ सी. ए. बार्बर यांनीं त्या चूषकांची रचना बारकाईनें अभ्यासिली. (कोइमतूरच्या उंसामुळें नांव झालेले बार्बर ते हेच.) ज्याच्या मुळांवर चंदन जगतें त्या झाडाला शास्त्रांत यजमान म्हणतात. पाहुणा मात्र जन्माचा!

पण चंदनाचीं पानें हिरवीं आहेत हें विसरूं नये. बांडगुळाप्रमाणेंच तें आपली साखर उन्हाच्या साहाय्यानें स्वतः तयार करतें. पाणी दुसऱ्याचें, स्वयंपाक आपला, असा त्याचा संसार आहे. शिवाय यजमानाच्या मुळांतलें पाणी आपल्याकडे ओढावयाचें तर चंदनाच्या पानांतून पाण्याची वाफ भरपूर उडत राहिली पाहिजे. म्हणून हीं पानें पाण्याच्या बाबतींत उधळीं असतात. मूळ एकदां जुळलें कीं ही उधळपट्टी खपून जाते, कारण पैसा दुसऱ्याचा असतो. जुळण्यापूर्वीं मात्र ती जिवावर बेतते.

अशा रोपाला, यजमान मिळण्याच्या आधीं, चैत्र-वैशाखांतील उन्हांत उघडें ठेवलें तर काय होईल? पानांतून पाणी भराभर उडतें, आंखूड मुळांना तेवढें पुरवितां येत नाहीं, पानें लहान व पिवळट पडतात, शेंडा करपतो. बाहेरून पाणी घालून हें कांहीं दिवस लांबवितां येतें. पण मूळ एकटें असेपर्यंत तो उपाय तात्पुरताच. आतां याच्या उलट टोंक घ्या. तेंच रोप दाट पालवीच्या झाडाखालीं ठेवलें. तेथें तें करपत नाहीं. पानें रुंद, पातळ, गर्द हिरवीं होतात, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं रोप मोठें सुखांत आहे. पण उजेड थोडा म्हणून साखर थोडी. साखर थोडी म्हणून मूळ आंखूड. आणि मूळ आंखूड म्हणून यजमानाचा हात कधीं हातीं लागतच नाहीं. बियांतून आणलेली शिदोरी कांहीं महिन्यांत संपते, आणि तें हिरवेंगार रोप कांहींहि गाजावाजा न करतां मरून जातें. उन्हांतलें मरण डोळ्यांना दिसतें, सावलींतलें दिसत नाहीं. म्हणून मला दुसरें अधिक घातक वाटतें. दोन्ही मरणांचें कारण शेवटीं जमिनीखालीं आहे. चंदनाच्या रोपाला सावली द्यावयाची ती पानांच्या सुखासाठीं नव्हे, तर मुळाला यजमानापर्यंत पोंचण्यास अवधि मिळावा म्हणून.

वनविद्येचे जाणकार यासाठीं एक जुना नियम सांगतात: चंदनाला बाजूची सावली मानवते, डोक्यावरची मानवत नाहीं. आणि वय वाढतें तशी ही गरज पालटते. उगवल्यानंतर थोडे महिने निम्मा उजेड पुरतो. मुळें जुळलीं, खोड हिरव्याचें तपकिरी होऊं लागलें, कीं माथ्यावर आकाश मोकळें हवें. मात्र हा पालट हळूहळू व्हावा. सावलींत वाढलेलें पान एकदम भर उन्हांत आणलें तर तें भाजतें, आणि त्याची साल पातळ असल्यानें कोवळ्या खोडालाहि झळ लागते.

रोपवाटिकेंत हें सगळें हातांनीं करावें लागतें. ताजें बीं लगेच उगवत नाहीं. सुमारें दोन महिने तें निजून असतें. वाफ्यावर गवताचें आच्छादन असतें, तें अंकुर दिसतांच काढतात. रोपाला चार पानें आलीं कीं तें पिशवींत हलवितात आणि कांहीं दिवस जाळीखालीं ठेवतात. त्याच पिशवींत यजमान म्हणून बहुधा तूर लावतात. येथें मोठी गंमत आहे. तूर चंदनाहून झपाट्यानें वाढते, आणि थोड्याच दिवसांत जी दाई तीच सवत होऊन बसते. म्हणून चांगला माळी तुरीचा शेंडा वारंवार खुडतो. तिचें मूळ पिशवींत राहूं देतो, पण तिचें डोकें चंदनाच्या वर जाऊं देत नाहीं. सहा ते आठ महिन्यांत रोप सुमारें एक फूट होतें. मग त्याला टप्प्याटप्प्यानें जाळीबाहेर आणावयाचें.

अलीकडे महाराष्ट्रांतील पुष्कळ शेतकरी चंदन लावूं लागले आहेत. त्यांना एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, केवळ चंदनाच्या रांगाच रांगा लावूं नका. पहिल्या वर्षीं आळ्याजवळ तूर असावी. पुढच्या काळासाठीं चार-पांच फुटांवर करंज, सुरू, खैर यांसारखें टिकाऊ झाड असावें, आणि तें शक्यतों रोपाच्या पश्चिमेस, म्हणजे सकाळचें कोवळें ऊन रोपास मिळतें व दुपारचा तडाखा यजमान सोसतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षीं याच यजमानाची छाटणी करावी लागेल. पश्चिम ऑस्ट्रेलियांत ऑर्ड नदीच्या पाण्यावर आपल्या चंदनाचे मोठे मळे झाले आहेत. तेथेंहि कुंडींत एक यजमान, पहिल्या वर्षांसाठीं दुसरा अल्पायुषी, आणि पुढील आयुष्यासाठीं तिसरा, अशी व्यवस्था करतात.

रानांत मात्र माळी नाहीं. तेथें वणव्यानें झुडुपें जळालीं कीं रोपांचा आडोसाच जातो. उलट घाणेरी माजली कीं तिच्या जाळ्यांत चंदनाचीं रोपें शेळ्यांपासून बचावतात खरीं, पण तें जाळें वरून मिटलें कीं गुदमरतात, आणि उन्हाळ्यांत तेंच जाळें वणव्याला सरपण होतें. घाणेरी सरसकट उपटावी कीं राखावी, हा वाद मला म्हणूनच पोकळ वाटतो. एकेका रोपाच्या माथ्यावर किती आकाश दिसतें तें वांकून पाहणें, एवढाच त्याचा निकाल.

एक सावली मात्र कायद्याची होती. टिपू सुलतानानें १७९२ सालीं चंदन हा राजवृक्ष ठरविला, आणि पुढील सरकारांनींहि तोच हक्क चालूं ठेवला. आपल्या जमिनींत उगवलेलें झाड आपलें नाहीं, वर त्याची जोखीम मात्र आपली! असें असल्यावर बांधावर दिसलेलें रोप शेतकऱ्यानें गुपचूप उपटून टाकलें तर त्याला दोष कसा द्यावा? कर्नाटकानें २००१ सालीं व तामीळनाडूनें २००२ सालीं कायदा बदलून मालकी जमीनधारकाला दिली, आणि त्यानंतरच लागवडीला खरा हुरूप आला.

बांधावरचीं तीं रोपें आजहि पक्षी पेरीतच आहेत. बोरीच्या जाळींत असें एखादें आढळलें तर सगळी जाळी तोडूं नये. बोरीचें मूळ राहूं द्यावें, पश्चिमेचा व दक्षिणेचा आडोसा राहूं द्यावा, आणि पावसाळ्याच्या आरंभीं, आभाळ भरलेलें असतांना, रोपाच्या माथ्यावरच्या व पूर्वेकडच्या फांद्या तेवढ्या उतरवाव्या.