टोंगळ्याच्या टाक्यांतून पाणी येत असेल, तर वाट पाहू नका

(वडसा येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्याच्या विषयावर एका समूहाच्या सचिव ताईंनी केलेले भाषण.)



मी नर्स नाही, डॉक्टर तर नाहीच. समूहाचं रजिस्टर लिहिणारी बाई आहे. पण आमच्या घरी जे झालं ते इथे सांगितलं, तर तुमच्यापैकी एखादीच्या घरी ते टळेल, म्हणून उभी राहिली.

आपल्यापैकी कितीजणींचे टोंगळे दुखतात? हात वर करा. बघा, अर्ध्या सभेचे हात वर आहेत. वर्षानुवर्षं चिखलात वाकून रोवणी करायची, मोहफूल वेचायचं, डोक्यावर मोळी आणायची. टोंगळे झिजणारच. आता टोंगळा बदलण्याचं ऑपरेशन होते हे आपल्यालाही माहीत झालं आहे. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले होते, एक २००० मध्ये आणि दुसरा २००१ मध्ये. तेव्हा ही मोठ्या लोकांची गोष्ट वाटायची. आता आपल्या गावातल्या बायाही ऑपरेशन करून येतात आणि चांगल्या चालतात. म्हणून आधीच सांगते, ऑपरेशनला घाबरवायला मी आली नाही. शंभर ऑपरेशनं झाली तर त्यात एखाद-दुसऱ्याच टोंगळ्यात जंतू शिरतात. पण ती एक बाई आपल्या घरची असली, तर काय करायचं? ते आम्हाला माहीत नव्हतं.

माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन धानाची मळणी आटोपल्यावर झालं. बाराव्या दिवशी टाके काढले. सगळी जखम कोरडी, फक्त खालच्या टोकाला एक ठिकाण ओलं. पट्टीवर रोज पिवळसर पाण्याचा डाग पडायचा. मी म्हटलं, "आई, दवाखान्यात दाखवून येऊ." त्या म्हणाल्या, "असू दे व माय, पाणीच तर येते. पुन्हा गाडीभाडं कशाला?" मलाही ते पटलं, कारण त्याच आठवड्यात मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती.

जवळच्या एका डॉक्टरांकडे दाखवलं. त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. पाणी कमी झालं. गोळ्या संपल्या, पुन्हा सुरू झालं. पुन्हा गोळ्या. शेजारच्या बाईने पाला वाटून लावायला सांगितला, तोही लावला. असे पाच आठवडे गेले. मग एका रात्री हुडहुडी भरून ताप आला, टोंगळा तांबडा झाला, फुगला, हात लावू देईनात. तेव्हा आम्ही ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासलं, सुईने टोंगळ्यातलं पाणी काढलं. तो पू होता. ते म्हणाले, "हे माझ्या हातचं काम नाही. ज्यांच्याकडे असे बिघडलेले सांधे नेहमी येतात, त्यांच्याकडे नागपूरला जा. उद्या नको, आजच." तो एक सल्ला त्यांनी प्रामाणिकपणे दिला, म्हणून आज सासूबाई आपल्या पायावर उभ्या आहेत.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "एवढ्या गोळ्या खाल्ल्या, तरी जंतू मेले कसे नाहीत?" त्यांनी मला विचारलं, "पाण्याचं मडकं महिनाभर घासलं नाही तर आत काय होते?" मी म्हटलं, बुळबुळीत थर बसतो. त्या म्हणाल्या, "तसंच. टोंगळ्यातल्या धातूवर आणि प्लास्टिकवर जंतू असाच थर करून बसतात. औषध रक्तातून जाते, पण धातूत रक्त फिरत नाही. वरचे जंतू मरतात, ताप उतरतो, थराखालचे जिवंत राहतात. मडक्यात नुसतं पाणी ओतून थर निघतो का? घासावंच लागते."

बायांनो, माझ्या बोलण्यातलं एवढं एक तरी घरी घेऊन जा. हा थर ताजा असतो तेव्हा, म्हणजे त्रास सुरू झाल्यापासून साधारण तीन-चार आठवड्यांच्या आत, टोंगळा उघडून नीट धुता येतो, मधला प्लास्टिकचा भाग बदलता येतो, आणि बसवलेला सांधा बरेचदा वाचवता येतो. थर जुना झाला की बहुतेक वेळा सगळा सांधाच काढावा लागतो. आमचे पाच आठवडे गोळ्यांत गेले होते.

सासूबाईंचा सांधा काढला. त्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवला. कोणते जंतू आहेत ते कल्चर तपासणीत कळलं, त्याप्रमाणे सहा आठवडे औषध चाललं. रक्ताचे रिपोर्ट चांगले आल्यावर दुसरं ऑपरेशन करून नवा सांधा बसवला. तोवर तेंदूपत्त्याचा हंगाम निघून गेला होता आणि रोवणी तोंडावर आली होती. आज त्या काठी घेऊन चालतात. टोंगळा पूर्वीसारखा वाकत नाही, जमिनीवर बसता येत नाही. त्या मला काही बोलत नाहीत. पण पट्टीवरचा तो डाग मी रोज पाहत होती, हे माझ्या मनातून जात नाही.

आता कामाचं सांगते. लिहून घ्या.

टाके काढल्यावरही पाणी, रक्त किंवा पू येत असेल, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, टोंगळा जास्त गरम, तांबडा किंवा फुगलेला वाटत असेल, ताप किंवा थंडी वाजत असेल, तर त्याच दिवशी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना कळवा. रुग्ण बडबडायला लागली, जोरजोरात श्वास घेऊ लागली, लघवी कमी झाली, हातपाय थंड पडले, तर जंतू रक्तात पसरले असू शकतात. तेव्हा १०८ ला फोन करा आणि सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.

मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका. टोंगळ्यातलं पाणी काढून तपासण्याआधीच गोळ्या खाल्ल्या, तर तपासणीत जंतू बरेचदा सापडत नाहीत आणि नेमकं औषध ठरवणं कठीण जाते. पण रुग्णाची तब्येत ढासळलेली असेल तर औषध कधी द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, आपण अडवायचं नाही. पाला, हळद, शेक, मालिश यातलं काही त्या जखमेवर नको. बदललेल्या टोंगळ्यात कोणाकडूनही इंजेक्शन घेऊ नका.

डॉक्टरांना विचारायला लाजू नका. मी कागदावर पाच प्रश्न लिहून नेले होते. संसर्ग वरच्या कातडीत आहे की सांध्याच्या आत? टोंगळ्यातलं पाणी कल्चरला पाठवलं का? सांधा धुऊन वाचेल की काढावा लागेल? असे बिघडलेले सांधे तुम्ही नेहमी करता का, नसाल तर कोणाकडे पाठवता? आणि एकूण खर्च किती, योजनेत काय बसते? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

कुठे जायचं? नागपूरचं सरकारी मेडिकल, मिहानमधलं एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, या ठिकाणी हाडांचे विभाग आहेत. सांधे बदलण्याचं काम पाहणारे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते आधी विचारून घ्या. ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत नागपूर गाठायला अर्धा दिवस जातो, आणि आजारी माणसाला घेऊन दुसऱ्यांदा जाणं सोपं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान कार्डाचं काय होते, ते योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच विचारा.

कागद सांभाळा. सुट्टीचं कार्ड, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, आणि बसवलेल्या सांध्याचं स्टिकर. त्यावर कंपनी, माप आणि नंबर असतो. पुढच्या डॉक्टरांना तो सांधा काढायचा असेल तर हे लागते. आमचं स्टिकर घरी नव्हतं, ते शोधण्यात एक दिवस गेला.

ज्यांचं ऑपरेशन होऊन वर्ष-दोन वर्षं झाली, त्यांनीही निश्चिंत राहू नये. पायाला पडलेल्या भेगा, चिखल्या, किडलेला दात, लघवीची जळजळ, इथले जंतू रक्तातून टोंगळ्यापर्यंत जाऊ शकतात. चांगला चालणारा टोंगळा एकाएकी दुखून फुगला, तर तेही त्याच दिवशी दाखवायचं. ज्यांना साखर आहे किंवा सिकलसेल आहे, त्यांनी जास्तच जपावं आणि ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना ते सांगावं. ऑपरेशनच्या आधीच्या तीन महिन्यांत टोंगळ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तेही लपवू नका.

शेवटचं, पैशाचं. आम्ही पाच आठवडे थांबलो ते अज्ञानाने, तसंच गाडीभाड्याच्या विचारानेही. समूहात मी दर आठवड्याला बचत लिहीत होती, पण स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला मला लाज वाटली. तुम्ही लाजू नका. अंतर्गत कर्ज अशाच वेळेसाठी आहे. ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधीही अशाच अडचणीसाठी असतो. दशसूत्रीत आरोग्य हे सूत्र आपण दर बैठकीत म्हणतो, ते इथे कामात आणायचं.

माझी एक सूचना आहे. प्रत्येक समूहाने पुढच्या बैठकीत नोंद घ्यावी की आपल्या सदस्यांच्या घरात कोणाचा टोंगळा किंवा खुबा बदललेला आहे. नवीन ऑपरेशन होऊन कोणी घरी आली, तर पहिले सहा आठवडे दर बैठकीनंतर एका बाईने तिच्या घरी जाऊन पट्टी पाहावी. डाग दिसला तर तिने सासूचं ऐकू नये, सुनेचंही ऐकू नये. गाडी सांगावी आणि सोबत जावं.

आमच्या समूहात हे काम मी घेतलं आहे. या महिन्यात दोन घरी जाऊन आली. दोन्ही जखमा कोरड्या आहेत.

एवढंच सांगायचं होतं.