जपानचा रस्ता आणि जपानचे पान



जपानविषयी बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांना फुजी पर्वत, चेरीचा बहर किंवा वेगवान आगगाडी आठवते. त्यांविषयी पुष्कळ बोलून झाले आहे. आम्ही आज दोन साध्याच गोष्टी सांगणार आहोत : आमची सायकल आणि आमचे जेवण. परक्या मुलखात राहणाऱ्याची खरी परीक्षा होते ती रस्त्यावर आणि पानावर.

तेथे गेल्यावर आमची पहिली मोठी खरेदी सायकलीची. पुढे टोपली, मागे कॅरिअर अशा घरगुती सायकलीला तेथे 'मामाचारी' म्हणतात. नाव ऐकून आम्हांस आजोळ आठवले. पण तेथे 'मामा' म्हणजे आई! मुलाला बालवाडीत पोचवून येताना भाजी आणणाऱ्या आयांची ही सायकल. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, हा मोठाच दिलासा. बाकी शिस्त कडक. सायकल घेताच तिची नोंदणी करावी लागते; स्टेशनापाशी भलतीकडे लावली तर ती उचलून नेतात आणि पैसे भरून सोडवावी लागते. २०२४ पासून तर सायकल चालवताना हाती फोन धरणाऱ्यास कैदेचीही तरतूद झाली आहे.

रस्ता असा अंगवळणी पडला. पानाचे कोडे मात्र सुटेना. आम्ही शाकाहारी. भाजी दिसे, शेवया दिसत, टोफू दिसे. पण ह्या सर्वांच्या तळाशी 'दाशी' नावाचे सार असते. लाकडासारखा कठीण होईपर्यंत वाळविलेल्या बोनितो माशाचा कीस, किंवा सुकविलेली लहान मासळी, ह्यांपासून ते बहुधा करतात. मासा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वाढणाऱ्यालाही तो आहे असे वाटत नाही. मात्र जपानी स्वयंपाक माशावाचून अडतो असेही नाही. बौद्ध मठांतील 'शोजिन' पद्धतीच्या स्वयंपाकात सार होते ते कोम्बू ह्या समुद्रवनस्पतीचे आणि वाळलेल्या अळंब्यांचे. ह्याच कोम्बूतून प्राध्यापक इकेदा किकुनाए ह्यांनी १९०८ साली एक निराळी चव शोधून काढली आणि तिला 'उमामी' हे नाव दिले. मठातली ही युक्ती कळल्यावर आमची चूल मार्गी लागली. पण घराबाहेर काय?

त्याचे उत्तर आम्हांस सायकलीनेच मिळवून दिले. होन्शू बेटावरील ओनोमिचीपासून शिकोकू बेटावरील इमाबारीपर्यंत सुमारे ७० किलोमीटरांचा सायकलमार्ग आहे. त्याचे नाव शिमानामी काइदो. सेतो सागरातील सहा बेटे पुलांनी जोडून हा मार्ग १९९९ साली खुला झाला. वाट चुकू नये म्हणून रस्त्याच्या कडेला निळी रेघ ओढलेली असते. पुलावर चढणारी सायकलींची वाट वळणे घेत हळूहळू चढते. इन्नोशिमाच्या पुलावर तर मोटारी वरून धावतात आणि सायकली त्यांच्या पोटाखालून! तातारा पुलाचा मधला गाळा ८९० मीटरांचा. खाली समुद्र आणि अंगावर आडवा वारा. दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरूनच आम्ही तो ओलांडला.

पलीकडच्या ओमिशिमा बेटावर उतरतो न उतरतो तोच मागचे चाक बसले. जवळच्या संत्र्यांच्या बागेतून एक आजोबा आले, बादलीत पाणी घेऊन आले आणि ट्यूब बुडवून बुडबुडे पाहू लागले. अगदी आपल्या नाक्यावरच्या सायकलवाल्याप्रमाणे! तोवर आजीबाईंनी भाताचे गोळे पुढे केले. आम्ही तोडक्यामोडक्या जपानीत म्हटले, "आजी, आम्ही मासे खात नाही. सारातलासुद्धा चालत नाही." आजी रागावल्या नाहीत, की कारण विचारले नाही. त्यांनी एकेक गोळा मधोमध फोडून पाहिला. मासळीचे बाजूला ठेवले आणि खारवलेल्या आंबट उमे फळाचे तेवढे आमच्यापुढे सारले. ती चव थेट आपल्या लोणच्याची. पैसे देऊ केले तर दोघेही हसून मागे सरले. शिकोकूतील अठ्ठ्याऐंशी मंदिरांच्या यात्रेकरूंना वाटेवरचे लोक असेच काहीबाही देतात. त्या दानाला 'ओसेत्ताई' म्हणतात. आम्ही यात्रेकरू नव्हतो, तरी पदरात पडले ते तसेच.

जेवण झाल्यावर जपानी माणूस 'गोचिसोसामा' म्हणतो. त्यातील 'चिसो' शब्द ज्या दोन अक्षरांनी लिहितात, त्या दोहोंचा अर्थ धावणे. पाहुण्याच्या पानासाठी यजमानाने केलेली धावपळ, तिचे हे आभार. नुसत्या अन्नाचे नव्हेत.

श्रोतेहो, हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. परदेशी गेलेला आपला माणूस आपले खाणे जपतो आणि यजमानाने ते सांभाळावे अशी अपेक्षा धरतो. त्यात गैर काही नाही. पण आपल्याच गावात परप्रांताहून आलेला विद्यार्थी खोली मागू लागला, की त्याच्या शिक्षणाआधी आपण त्याच्या ताटाची चौकशी करतो. आमचे पान ज्यांनी सांभाळले त्यांचे पान आमच्याहून सर्वस्वी निराळे होते. आपले पान आपण जरूर जपावे. परंतु दुसऱ्याच्या पानासाठी चार पावले धावण्याची तयारीही आपल्यापाशी असावी.