पिंजऱ्यातील नवा सोबती

म्हैसूर नगरीत राजवाड्यापासून जवळच अग्रहार नावाची जुनी वस्ती आहे. अग्रहार म्हणजे राजाने विद्वान ब्राह्मणांना निर्वाहासाठी दिलेली भूमी. दक्षिणेत कित्येक गावे आणि पेठा याच नावाने ओळखल्या जातात. म्हैसूरला पशुपक्ष्यांचे कौतुक जुनेच. येथील प्राणिसंग्रहालय १८९२ साली चामराजेंद्र वडियारांनी स्थापिले. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्यामुळे येथील हवा फारशी उष्ण नाही आणि फारशी थंडही नाही. घराच्या ओसरीवर, कन्नडात जिला 'जगली' म्हणतात तिच्यावर, फिंच पक्ष्यांचा पिंजरा टांगण्यास अशी हवा मानवणारीच आहे. परंतु जोडीने आणलेल्या त्या पक्ष्यांपैकी एक पक्षी एखाद्या सकाळी तळाशी निपचित पडलेला आढळतो, आणि मागे राहिलेला दांडीवरून सारखी साद घालीत राहतो. मग घरातील माणसे कळवळून त्याच दिवशी बाजार गाठतात, दुसरा पक्षी आणतात आणि थेट पिंजऱ्यात सोडतात. हेतू दयेचा असतो; परिणाम मात्र पुष्कळदा आणखी एका मृत्यूत होतो.

हा पक्षी कोणता, हे आधी पाहिले पाहिजे. आपल्या रानातील मनोली ही याच गणगोतातली. तथापि भारतातील वन्य मनोल्या पकडणे, विकणे वा पिंजऱ्यात ठेवणे कायद्याने निषिद्ध आहे. घरोघरी दिसतो तो मूळचा ऑस्ट्रेलियातील झेब्रा फिंच, किंवा 'बंगाली' म्हणविला जाणारा फिंच. या दुसऱ्याचा बंगालशी काही संबंध नाही; पांढऱ्या पुठ्ठ्याच्या मनोलीपासून पूर्व आशियात, विशेषतः जपानात, पिढ्यान्‌पिढ्या पाळून तो सिद्ध झालेला आहे. झेब्रा फिंचच्या नराचे गाल नारिंगी आणि चोच लालभडक असते. मादी करड्या रंगाची, फिक्या चोचीची. बंगाली फिंचमध्ये नर आणि मादी दिसण्यात सारखेच. त्यांतील नर ओळखावयाचा तो गाण्यावरून. कारण दोन्ही जातींत गातो तो नरच. तेव्हा जोडीदार आणताना नर कोणता आणि मादी कोणती, याची खात्री आधी करून घ्यावी.

झेब्रा फिंच थव्याने राहतो, पण जोडी बांधतो ती सामान्यतः आयुष्याची. नर आणि मादी अंगाला अंग लावून बसतात, परस्परांची पिसे विंचरतात, अंडी आळीपाळीने उबवितात. एकमेकांचा आवाज ती गर्दीतूनही ओळखतात. अशा पक्ष्याचा सोबती गेला म्हणजे त्याची हाक निरुत्तर राहते. एकाकीपण त्याला सोसत नाही, हे खरे. पण त्यावरून कोणताही सोबती त्याला चालतो, असे मात्र नाही.

याविषयी एक बोधप्रद प्रयोग जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या पक्षिशास्त्रज्ञांनी केला व तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी झेब्रा फिंचच्या माद्यांना अनेक नरांमधून आपापला जोडीदार निवडू दिला. मग काही जोड्या तशाच ठेवल्या, आणि काहींची ताटातूट करून त्यांना न निवडलेल्या जोडीदारांबरोबर ठेवले. मनपसंत जोड्यांची जगलेली पिले दुसऱ्यांपेक्षा ३७ टक्क्यांनी अधिक भरली. लादलेल्या जोड्यांत न फळलेली व हरवलेली अंडी अधिक होती, आणि अंड्यातून बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांतच अनेक पिले दगावली. त्या जोड्यांतील नर घरट्याकडे तितकेसे लक्ष देत नव्हते. उणीव रक्ताची नव्हती, सहवासाची होती. पिंजरा माणसाचा असला तरी पसंती पक्ष्याचीच राहते, हा यातील बोध.

म्हणून नवा पक्षी आणल्यावर पहिले काम म्हणजे त्याला वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिंजऱ्यात, महिनाभर ठेवणे. श्वासनलिकेतील किडे, पोटाचे विकार यांची लक्षणे काही दिवस लपून राहू शकतात. घाईने एकत्र केल्यास उरलेला पक्षीही गमावण्याची वेळ येते. नवा पक्षी निदान सहा महिन्यांचा असावा. तो कोणाच्या घरट्यात वाढला, हेही विचारावे. बंगाली फिंचच्या कुशीत वाढलेले झेब्रा नर पुढे आपल्या जातीच्या मादीपेक्षा बंगाली मादीकडेच ओढले जातात, हे क्लाउस इमेलमान या शास्त्रज्ञाने दाखवून दिले होते.

महिना सरल्यावर दोन्ही पिंजरे शेजारी आणावेत, पण दार उघडू नये. या अवस्थेत आधी आवाजाची ओळख होते, मग रूपाची. याच म्हैसुरात १९३५ साली प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरातून ध्वनिक्षेपण आरंभिले व 'आकाशवाणी' हे नाव रूढ झाले. न दिसणाऱ्याशीही आवाजाने नाते जुळते, हे नभोवाणीच्या श्रोत्यांना निराळे सांगावयास नको. आठपंधरा दिवसांत दोघे पक्षी जाळीलगतच्या दांड्यांवर जवळजवळ येऊन बसू लागले, तर तो शुभशकुन समजावा.

एकत्र करताना जुन्या पक्ष्याच्या पिंजऱ्यात नव्याला सोडू नये. जुना तो पिंजरा आपले घर मानतो, आणि नव्याला घुसखोर. दोघांनाही अपरिचित असा तिसरा, प्रशस्त पिंजरा घ्यावा. ते शक्य नसेल तर जुन्या पिंजऱ्यातील दांड्या व भांडी हलवून त्याचे रूप पालटावे. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन ठेवावीत. घरट्याचे मडके या वेळी मुळीच ठेवू नये, कारण पहिले भांडण घरट्यावरूनच होते. भेट सकाळी घडवावी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येते.

किंचित पाठलाग, चोचीने चोच झटकणे, एवढ्याने घाबरू नये. परंतु एक पक्षी दुसऱ्याच्या मानेची पिसे उपटीत असेल, त्याला दाण्यापर्यंत येऊ देत नसेल, आणि तो बिचारा तळाशी कोपऱ्यात अंग फुगवून बसत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता वेगळे करावे. काही दिवसांनी पुन्हा प्रयत्न करावा. तरीही जमले नाही, तर दुसरा जोडीदार पाहावा. शक्य असेल तेथे मोठ्या पिंजऱ्यात काही नर आणि काही माद्या एकत्र ठेवून त्यांना आपापली निवड करू देणे सर्वांत उत्तम. तीन पक्षी मात्र एकत्र ठेवू नयेत. तिसऱ्याच्या वाट्याला छळच येतो.

मागे राहिलेल्या पक्ष्याजवळ पिले असतील, तर नव्या सोबत्याची घाई अधिकच घातक. तो पिलांना टोचण्याचा वा अंडी बाहेर टाकण्याचा संभव असतो. पिले साधारण तीन आठवड्यांत घरटे सोडतात आणि पाचव्या आठवड्याच्या सुमारास स्वतः दाणे टिपू लागतात, तोवर थांबावे. या दिवसांत एकट्या पालकाला राळा (कन्नडातील नवणे), बाजरी, उकडलेले अंडे आणि समुद्रफेस यांची जोड द्यावी.

दोघे एका दांडीवर बिलगून बसू लागले, एकमेकांची पिसे विंचरू लागले, म्हणजे मगच मडके टांगावे व आत घालण्यास काथ्या द्यावा. लांब दोरे नकोत, ते पिलांच्या पायांत अडकतात. मग चारसहा अंडी पडतील, सुमारे दोन आठवडे उबविली जातील. वर्षातून दोनतीन विणींनंतर मडके काढून घ्यावे आणि मादीला विश्रांती द्यावी.

हा सारा व्यवहार दीडदोन महिन्यांचा. मूठभर पाखरासाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण रानात त्या पक्ष्याला उडून जाण्याची मोकळीक होती. नकोसा सोबती आला तर दूर जाता येत होते. पिंजऱ्यात ती वाट माणसाने बंद केली आहे. तेव्हा निवडीला लागणारा वेळ आणि नकाराला लागणारी जागा, एवढे तरी त्याला देणे, हे पाळणाऱ्याचे कर्तव्यच ठरते.