पावती कुठे आहे?

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आनंदाच्या दिवशी कचऱ्यावर बोलतोय, क्षमा असावी. पण मागच्या पावसाळ्यात काय झालं, हे पुष्कळांना माहीत नाही. झाडलोट करणाऱ्या मावशींनी डब्यातली एक पिशवी उचलली. आत बॅटरीच्या ॲसिडची बाटली होती, झाकण सैल. मावशींचा हात मनगटापर्यंत भाजला. औषधाचा खर्च सोसायटीने दिला, त्याची पावती फाइलला आहे. ती बाटली कुठून आली, याचा कागद कुठेच नाही.

मी तीस वर्षं बँकेत छोट्या धंद्यांना कर्जं दिली. तारण पाहिलं, स्टॉक मोजला, येणी तपासली. पण गॅरेजवाल्याला 'जळकं ऑइल कुठे टाकतोस?' असं एकदाही विचारलं नाही. तेव्हा ही चूक आधी माझी.

आता कामाचं सांगतो. इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीत शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिड असतं. ती न फोडता, ॲसिड न ओतता, विक्रेत्याला परत द्यावी. नव्या बॅटरीत सूटही मिळते, आणि शिसं वितळवून पुन्हा वापरात येतं. जळकं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये ठेवावं. त्यात पाणी किंवा थिनर मिसळलं, की ते शुद्ध करणं कठीण होतं. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो. ती फोडू नये, नव्या ट्यूबच्या खोक्यात घालून ठेवावी. मोबाइल दुरुस्तीवाल्यांनी काढलेल्या बॅटऱ्यांच्या टोकांना टेप लावावी. कचऱ्याच्या गाडीत त्या दाबल्या गेल्या तर पेट घेतात.

घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम सांगतात, की जळक्या ऑइलसारखा माल साधारण ९० दिवसांवर साठवू नये आणि परवानगी असलेल्यालाच द्यावा. गाळेधारक म्हणतात, "काका, एका कॅनसाठी कोण येणार?" बरोबर आहे त्यांचं. एकट्यासाठी कुणी येत नाही. पण सगळ्यांचा माल एकाच दिवशी काढला, तर गाडी येते.

म्हणून माझी सूचना अशी. ज्याचा माल त्याने आपल्याच गाळ्यात, वेगवेगळा, नाव लिहून ठेवावा. जिन्याखाली किंवा पंपरूममध्ये नको. दर दोन महिन्यांनी कमिटीने प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या माणसाला बोलवावं. तारीख, वजन, कुणाला दिला, हे एका वहीत लिहावं आणि शेजारी पावती चिकटवावी. गाडीभाडं सगळ्यांनी वाटून घ्यावं. घरातल्या ट्यूब आणि सेलही त्याच दिवशी खाली आणावेत, कारण डबा आपला सगळ्यांचाच आहे.

वही मी आणली आहे. पहिलं पान कोरं आहे. मावशींचा हात आता बरा आहे, डाग मात्र राहिला. पुढच्या सर्वसाधारण सभेत हिशेब वाचताना ही वहीसुद्धा वाचली जावी, एवढीच विनंती.