दात, मन आणि परीक्षा

'आपलेच दात आणि आपलेच ओठ' ही म्हण आपण एका वेगळ्याच अर्थाने वापरतो. घरचाच माणूस चुकला म्हणजे तक्रार करावी तरी कोणाकडे, अशी पंचाईत होते त्या वेळी ती ओठांवर येते. परंतु काही तरुण विद्यार्थ्यांनी ही म्हण अक्षरशः खरी केली. शास्त्रापुढे काही प्रश्न होते आणि त्यांची उत्तरे मिळावीत म्हणून त्यांनी आपलेच तोंड प्रयोगासाठी पुढे केले. त्या विद्यार्थ्यांविषयी आज मी बोलणार आहे. मी वैद्य नव्हे. सरकारी नोकर आहे. तरीही ह्या विषयाशी माझा एक लहानसा संबंध आला, आणि तो फारसा अभिमानाचा नाही. तो शेवटी सांगेन.

पहिली हकीकत डेन्मार्कमधील ऑर्हुस शहराची. हिरड्या का सुजतात व त्यांतून रक्त का येते, ह्याविषयी त्या काळी नाना मते होती. कोणी आहारातील उणिवेला दोष देई, कोणी वयाला, कोणी शरीरप्रकृतीला. आपल्याकडे माझी आजी सगळा दोष उष्णतेवर ढकलून मोकळी होई. अस्वच्छ दात आणि सुजलेल्या हिरड्या बहुधा एकत्र आढळतात, हे पाहण्यांतून दिसले होते. पण दोन गोष्टी एकत्र नांदतात म्हणून त्यांतली एक दुसरीचे कारण ठरते असे नाही. हाराल्ड ल्यो ह्या नॉर्वेजियन दंतवैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी ह्यावर एक विलक्षण साधी युक्ती काढली. निरोगी हिरड्यांची माणसे घ्यावीत, त्यांनी दात घासणे पूर्णपणे थांबवावे, आणि काय होते ते पाहावे.

अशी १२ माणसे पुढे आली. त्यांपैकी ९ जण दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते, एक अध्यापक होता आणि दोघे प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ होते. दातांवर जंतूंचा मऊ, चिकट थर साचू लागला. प्रथम त्यात साधे गोल जंतू होते. दिवस लोटले तसे तंतूंसारखे जंतू आले आणि पुढे मळसूत्राच्या आकाराचे, वळवळणारे जंतूही दिसू लागले. कोणाच्या हिरड्या १० दिवसांत सुजल्या, कोणाच्या २१ दिवसांत. मग सर्वांनी पुन्हा दात घासण्यास आरंभ केला, आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. १९६५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. येथे प्रत्येक तोंड स्वतःच आरोपी होते व स्वतःच साक्षीदार. तेच वय, तीच प्रकृती, तेच अन्न. बदलली ती फक्त स्वच्छता. वादाला मग फारशी जागा उरली नाही.

ह्यातून आपल्यासारख्यांनी घ्यावयाचा धडा असा. घासताना रक्त येते म्हणून पुष्कळ लोक तेवढी जागा सोडून देतात. खरे म्हणजे त्याच जागी हळुवारपणे, पण नेमाने स्वच्छता करावयास हवी. तसे करूनही रक्त थांबले नाही, तर दंतवैद्याकडे जावे. मिश्रीने हिरड्या बळकट होतात अशी आपल्याकडील अनेक स्त्रियांची समजूत आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच होय, आणि तंबाखू हिरड्यांची मित्र नव्हे, हे त्यांना कोणीतरी प्रेमाने सांगावयास हवे.

ऑर्हुसचा हा प्रयोग मला एका दुसऱ्या प्रयोगाशेजारी ठेवून पाहावासा वाटतो. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नावाचे एक रुग्णालय होते. तेथे मतिमंद रुग्णांना ठेवीत. १९४५ पासून काही वर्षे, शासनाच्याच पुढाकाराने, तेथे दात किडण्याविषयीचे संशोधन झाले. काही रुग्णांना दातांना चिकटून राहणारी टॉफी मुद्दाम खावयास दिली गेली. चिकट गोड पदार्थ जेवणाच्या मधल्या वेळांत वारंवार खाल्ले तर दात अधिक किडतात, हे ज्ञान आपणांस त्यातून लाभले. आजही आपण त्यावर चालतो. पण ज्यांचे दात त्यात गेले, त्यांना 'तुमची संमती आहे काय' असे कोणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी त्यांना त्याचे उत्तर देता आले नसते. सुजलेली हिरडी बरी होते; किडून गेलेला दात परत येत नाही. ऑर्हुसच्या विद्यार्थ्यांना आपण काय करीत आहोत हे कळत होते, आणि जे गमावले ते आठवड्यात परत मिळाले. १९६४ साली जागतिक वैद्यक संघटनेने हेलसिंकी येथे माणसांवरील प्रयोगांचे नीतिनियम जाहीर केले, त्यांच्या मुळाशी हाच भेद आहे. अर्थात विद्यार्थ्याची संमतीही आपण फार सहजपणे गृहीत धरू नये. ज्याच्या हाती गुण असतात, त्या गुरूला 'नाही' म्हणणे सोपे नसते.

तिसरी हकीकत अमेरिकेतील ओहायो राज्याची. मनाच्या ताणाचा जखम भरून येण्याशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न फिलिप मारुचा, जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटर रुंदीची एक बारीक जखम करण्यात आली. पहिली जखम उन्हाळ्याच्या सुटीत केली, आणि दुसरी, टाळूच्या दुसऱ्या बाजूस, मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. रोज छायाचित्रे घेऊन जखम मोजली जाई. परीक्षेच्या दिवसांतील जखम भरून यावयास सरासरीने तीन दिवस, म्हणजे सुमारे ४० टक्के, अधिक लागले. अकरांपैकी एकाचीही जखम सुटीतल्या इतक्या लवकर भरली नाही. शरीराच्या दुरुस्तीत भाग घेणाऱ्या एका द्रव्याची निर्मितीही ह्या काळात दोनतृतीयांशांनी घटल्याचे आढळले. हे १९९८ साली प्रसिद्ध झाले.

अकरा ही संख्या लहान आहे, आणि परीक्षेत केवळ चिंताच नसते. झोप मोडते, जेवण चुकते, घासणे राहून जाते. ह्यांतले कोणते किती कारण, हे अशा एका प्रयोगावरून पुरते वेगळे काढता येणार नाही. पण मनावरचे ओझे शरीर सोसत असते, एवढे त्या टाळूने सांगितले.

आता माझ्या संबंधाविषयी. काही वर्षांपूर्वी एका व्यावसायिक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. परीक्षेच्या दोन अवघड विषयांमध्ये एक दिवस मोकळा ठेवावा, एवढीच त्यांची विनंती होती. मी नस्तीवर शेरा लिहिला, 'वेळापत्रक निश्चित झाले असून त्यात बदल करणे प्रशासकीयदृष्ट्या सोयीचे नाही.' ते लिहिताना माझी लेखणी क्षणभरही अडखळली नाही. मी स्वतः एम. ए. ची परीक्षा दिली ती तोंडात फोड आणि उशाशी पुस्तके घेऊनच. ते सारे सोसणे म्हणजेच विद्यार्थिदशा, अशी माझी धारणा होती.

पुढे माझी पुतणी दंतवैद्यकाला गेली. तिसऱ्या वर्षी ती सुटीत घरी आली, तेव्हा तिची आई म्हणाली, "भावजी, हिला जरा सांगा हो. दुसऱ्यांना दात घासायला शिकवते आणि हिच्याच हिरड्यांतून रक्त येतं." पुतणी हसली आणि म्हणाली, "काका, दिवसभर रुग्ण, रात्री वाचन. परीक्षेच्या दिवसांत कधी घासते, कधी तशीच झोपते." तिच्याकडूनच मी ह्या प्रयोगांविषयी प्रथम ऐकले आणि मग वाचले. वाचता वाचता मला ती जुनी नस्ती आठवली. त्या अर्जावर सह्या करणारी मुलेही उद्या कोणाच्या तरी दुखण्यावर हात ठेवणारी होती, आणि त्यांनी मागितला होता तो फक्त एक दिवस. तो देणे गैरसोयीचे होते, अशक्य नव्हते.

श्रोतेहो, परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दहीसाखर ठेवण्याची आपली रीत आहे. ती अवश्य पाळावी. मात्र आदल्या रात्री त्याच्या खोलीत डोकावून 'आता दिवा मालव, दात घास आणि नीज' असेही म्हणावे. आणि माझ्यासारखा कोणी वेळापत्रके आखणारा ह्या वेळी ऐकत असेल, तर त्याला माझी विनंती आहे, की पुढचा अर्ज आला म्हणजे शेरा लिहिण्यापूर्वी एक दिवस काढता येतो का, हे त्याने पाहावे. मी आता तसे पाहतो. आणि बहुतेक वेळा तो निघतो.